वेदनेची दोरी : कंबरदुखीवरील एका उपायाचा इतिहास

ज्वर आला तर तो थर्मामीटरच्या पाऱ्यावर दिसतो. हाड मोडलें तर तें क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें. रक्त कमी झालें तर तें मोजतां येतें. परंतु दुखणें मोजण्याचें यंत्र अद्यापि कोणी निर्माण केलेलें नाहीं. दुखणें किती आहे, कोठें आहे, कसें आहे, हें सांगणारा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे ज्याचें दुखतें तो. कंबरदुखीच्या बाबतींत तर ही अडचण विशेषच जाणवते. कंबर धरून बसलेला मनुष्य बाहेरून धडधाकट दिसतो. तो जेवतो, बोलतो, हिंडतो. त्याच्या मणक्यांचें चित्र कित्येकदां त्याच्या निरोगी शेजाऱ्याच्या चित्राहून फारसें वेगळें नसतें. सन २०२० मध्यें जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष माणसें कंबरदुखीनें त्रस्त होतीं असा अंदाज आहे; माणसाला वर्षानुवर्षें अपंगासारखें जिणें जगावयास लावणाऱ्या विकारांत याचा क्रम पहिला लागतो. एवढ्या मोठ्या लोकसमूहाच्या शब्दावर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हे. तो न्यायाचाहि आहे.

या विकारावर गेल्या ५० वर्षांत जे उपाय पुढें आले, त्यांपैकीं एक मोठा विलक्षण आहे. दुखऱ्या सांध्याची वार्ता मेंदूकडे नेणारा दोऱ्याएवढा मज्जातंतु सुईच्या टोकानें तापवून जाळावयाचा, म्हणजे वार्ताच बंद पडते, असें त्याचें तत्त्व आहे. सांधा जसाचा तसाच राहतो. फक्त त्याची तक्रार वर पोंचत नाहीं. हा उपाय कसा जन्मास आला, त्यानें कोणास गुण आला व कोणास आला नाहीं, आणि त्याच्याविषयीं तज्ज्ञांत आजहि एवढा वाद कां आहे, हें पाहूं गेल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. हा इतिहास जितका सुईचा आहे, तितकाच रोग्याच्या शब्दाला वेळोवेळीं मिळालेल्या मोलाचा आहे.

अग्नीनें वेदना शमविण्याची कल्पना फार जुनी आहे. हिपॉक्रेटीसच्या नांवावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत खुब्याच्या दुखण्यावर डाग देण्याचा उपाय सांगितला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अग्निकर्माला स्वतंत्र अध्यायच दिलेला असून त्वचा, मांस, शिरा, स्नायु, सांधे व हाडें यांत वातामुळें उठणाऱ्या उग्र वेदनेवर तें कर्म करावें असें त्यांत म्हटलें आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कॉर्दोबा येथील अबुल कासिम अल्-जहरावी या विख्यात शस्त्रवैद्यानें आपल्या ग्रंथांतील डागण्याच्या प्रकरणांत पाठदुखीचाहि समावेश केला. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत तापलेल्या सळईचा किंवा बिब्ब्याचा डाग देण्याची चाल अनेक पिढ्या चालत आली, ती याच समजुतींतून. एका वेदनेनें दुसरी वेदना झांकली जाते, हा अनुभव या सर्वांच्या मुळाशीं असावा. परंतु यांपैकीं कोणीहि मज्जातंतूवर नेम धरून डाग देत नव्हता. डाग कातडीवर पडत असे, आणि दुखण्याचें उगमस्थान आंत खोल अज्ञातच राही. सन १७६४ मध्यें नेपल्स येथील दोमेनिको कोतुन्यो यानें कंबरेखालून पायांत उतरणारी कळ खुब्याच्या सांध्याची नसून मज्जातंतूची असूं शकते असें दाखविलें, तेव्हां कोठें या प्रश्नाला निराळें वळण लागलें.

त्यापूर्वीं १०० वर्षें एका फ्रेंच तत्त्वज्ञानें वेदनेचें एक चित्र रेखाटून ठेविलें होतें, आणि तें चित्र पुढें ३०० वर्षें वैद्यांच्या मनांतून हललें नाहीं. रेने देकार्त याच्या मृत्यूनंतर १६६४ मध्यें फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध झालेल्या मनुष्यविषयक ग्रंथांत, विस्तवाजवळ पाय गेलेल्या मुलाची एक आकृति आहे. विस्तवाचे कण पायाच्या कातडीला लागतात, आंतील सूक्ष्म दोरी ओढली जाते, आणि देवळांतील दोरी खालीं ओढतांच वर घंटा वाजावी त्याप्रमाणें मेंदूंत वेदना जागी होते, असें त्यानें मांडलें. चित्र मोठें सोपें व पटण्यासारखें होतें. त्यांतून निघणारा उपायहि तितकाच सोपा होता: घंटा नको असेल तर दोरी कापावी.

दोरी कोणती, हें मात्र कळावयास आणखी दीडशें वर्षें लागलीं. लंडनचे चार्ल्स बेल यांनीं १८११ मध्यें व पॅरिसचे फ्रांस्वा माजांदी यांनीं १८२२ मध्यें केलेल्या प्रयोगांवरून असें निश्चित झालें कीं, मज्जारज्जूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंचीं पुढचीं मुळें स्नायूंना हालवितात आणि मागचीं मुळें संवेदना आंत नेतात. म्हणजे हालचाल शाबूत ठेवून केवळ संवेदना तोडतां येईल, अशी आशा उत्पन्न झाली. १८८८ च्या डिसेंबर महिन्यांत लंडनमध्यें विल्यम बेनेट यांनीं पायाच्या, आणि न्यूयॉर्कमध्यें रॉबर्ट ॲबी यांनीं हाताच्या असह्य वेदनेसाठीं कण्याचें हाड उघडून हीं मागचीं मुळें कापलीं. पुढें १९११ मध्यें फिलाडेल्फियांत विल्यम स्पिलर यांच्या सूचनेवरून एडवर्ड मार्टिन यांनीं खुद्द मज्जारज्जूचा वेदनावाहक भाग छेदला.

या शस्त्रक्रियांतून गेलेल्या रोग्यांचा अनुभव संमिश्र होता. कित्येकांना आरंभीं मोठा दिलासा मिळे. परंतु पुष्कळ मुळें कापलेला अवयव बधिर होई. पाय कोठें पडला हें न पाहतां कळत नसे, आणि स्नायूंत बळ असूनहि तो हातपाय कामाचा उरत नसे. आणखी चमत्कार असा कीं, कांहीं काळानें त्याच बधिर अंगांत पुन्हां आग उठे. टांचणी टोंचली तरी कळत नाहीं, आणि तरीहि तेथेंच दुखतें, असें रोगी सांगत. दोरी कापली होती. घंटा वाजतच होती.

ही विसंगति प्रथम नीट ऐकून घेणारा वैद्य एक अमेरिकन होता. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत फिलाडेल्फिया येथील टर्नर्स लेन रुग्णालयांत मज्जातंतूंना गोळी लागलेले सैनिक एकत्र ठेविलेले असत. तेथील सायलस वेअर मिचेल व त्यांचे सहकारी यांनीं त्या सैनिकांच्या तक्रारी खोट्या ठरविण्याची घाई केली नाहीं. त्या त्यांनीं शब्दशः टिपून ठेविल्या आणि १८६४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. जखम भरून येऊनहि हात विस्तवांत धरल्यासारखा जळतो म्हणून तो ओल्या फडक्यांत गुंडाळून बसणारे, कागदाच्या सळसळीनेंहि व्याकुळ होणारे सैनिक त्यांत भेटतात. ज्यांचा पाय कापून टाकला होता त्यांपैकीं बहुतेकांना तो पाय अजून जागच्या जागीं असल्याचा भास होई, आणि त्या नसलेल्या पायाचीं बोटें दुखत. ज्याला दोरीच नाहीं अशा अवयवाची घंटा वाजते, ही गोष्ट देकार्तच्या चित्रांत कोठेंच बसत नव्हती.

सैनिकाच्या शब्दावर मिचेलनें विश्वास ठेविला. पण साध्या प्रवाशाच्या वांट्याला तें भाग्य आलें नाहीं. इंग्लंडांत आगगाड्यांचे अपघात होऊं लागले, आणि त्यांतून वांचलेले प्रवासी पुढें पाठदुखीनें अंथरुणास खिळूं लागले. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनीं १८६६ मध्यें या विकारावर ग्रंथ लिहून आघातामुळें मज्जारज्जूला इजा होत असावी असें प्रतिपादन केलें. प्रवासी कंपन्यांकडे भरपाई मागूं लागले, आणि वेदना न्यायालयांत उभी राहिली. लंडन अँड नॉर्थ-वेस्टर्न रेल्वे कंपनीचे शस्त्रवैद्य हर्बर्ट पेज यांनीं १८८३ मध्यें याचें खंडन केलें. यांतील पुष्कळ रोग्यांच्या मज्जारज्जूला कांहीं झालेलें नसून भयाचा व मनाचा तो परिणाम आहे, असा त्यांचा पक्ष होता. दोघांच्या म्हणण्यांत तथ्याचा अंश होता. परंतु त्या वादानें एक गोष्ट रूढ केली: ज्याची पाठ दुखते त्याच्याकडे आधीं संशयानें पाहण्याची. ‘हा खरोखरच आजारी आहे कीं भरपाईसाठीं कण्हतो आहे,’ हा प्रश्न त्यानंतर कंबरदुखीच्या रोग्याच्या पाठीस कायमचा लागला. आज कोणत्याहि देशांतील अशा रोग्याची हकीकत ऐकली तर दुखण्याइतकीच या अविश्वासाची तक्रार ऐकूं येते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं दुखण्याचें नेमकें स्थान शोधण्याचा उद्योग सुरू झाला. प्रत्येक दोन मणक्यांमध्यें पुढें एक लवचीक गादी असते, आणि मागें डावीकडे व उजवीकडे एकेक लहान सांधा असतो. या मागच्या सांध्यांमुळें कंबर दुखूं शकते, असें बोस्टनचे जोएल गोल्डथ्वेट यांनीं १९११ मध्यें सुचविलें. १९३३ मध्यें मेयो क्लिनिकमधील रॅल्फ गॉर्मली यांनीं या विकाराला स्वतंत्र नांवहि दिलें. परंतु पुढच्याच वर्षीं, १९३४ मध्यें, बोस्टनमधील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनीं मणक्यांमधील गादी फुटून मज्जातंतूवर दाब येतो व त्यामुळें पायांत कळ उतरते, हें शस्त्रक्रियेनें सिद्ध करून दाखविलें. तो शोध खराच मोठा होता. त्याचें तेज इतकें पडलें कीं, पुढील ३०–४० वर्षें पाठदुखी म्हटली कीं गादीच, असें समीकरण होऊन बसलें, आणि मागचे लहान सांधे विस्मृतींत गेले. ज्यांची गादी चांगली होती आणि तरीहि कंबर दुखत होती, त्यांच्यासाठीं मात्र वैद्याजवळ उत्तर नव्हतें. आणि जेथें उत्तर नसतें तेथें संशय सहज शिरतो.

याच सुमारास वेदनेच्या कल्पनेंत मूलगामी बदल घडत होता. फ्रान्समधील रेने लेरिश यांनीं १९३७ मध्यें वेदनेच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धांतील जखमींवर उपचार करतां करतां त्यांची अशी खात्री झाली होती कीं, दीर्घकाळ टिकणारी वेदना ही रोगाची केवळ सूचना नसून ती स्वतःच एक रोग आहे. दुसऱ्या महायुद्धांत इटलींतील ॲन्झिओ येथें अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांना याच्या उलट बाजूचें दर्शन घडलें. भयंकर जखमी होऊन आलेल्या सैनिकांपैकीं सुमारें चतुर्थांशच वेदनाशामक औषध मागत होते. रणांगणांतून जिवंत सुटलों, आतां घरीं जावयास मिळेल, हा अर्थ त्यांच्या जखमेला होता. बीचर यांनीं १९४६ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध केली. जखम केवढी आहे यावरून वेदना केवढी हें ठरत नाहीं. त्या जखमेचा त्या माणसाच्या आयुष्यांत अर्थ काय, यावरहि तें ठरतें, असा त्याचा निष्कर्ष होता.

याच युद्धकाळांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लष्करी रुग्णालयांत जॉन बोनिका नांवाचे तरुण डॉक्टर काम करीत होते. इटलीजवळील फिलिकुदी बेटावर १९१७ मध्यें जन्मलेल्या या गृहस्थानें वैद्यकाच्या शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठीं मुखवटा घालून कुस्त्या केल्या होत्या, आणि त्या कुस्त्यांनीं पुढें त्यांचे सांधे आयुष्यभर दुखत राहिले. वेदनेवर लिहिणारा वैद्य स्वतः वेदनेचा रोगी होता, ही गोष्ट या इतिहासांत लक्षणीय आहे. एकट्यादुकट्या वैद्याला दीर्घ वेदनेचें कोडें सुटत नाहीं, निरनिराळ्या शाखांच्या जाणत्यांनीं एकत्र बसून रोग्याचें म्हणणें ऐकावें, हा विचार त्यांनीं मांडला आणि १९५३ मध्यें वेदनेवरील पहिला बृहद्ग्रंथ लिहिला. १९६५ मध्यें रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनीं देकार्तच्या दोरीऐवजीं दरवाजाचें रूपक पुढें केलें: मज्जारज्जूंत जणूं एक फाटक आहे; खालून येणारी वार्ता तें आंत सोडतें किंवा अडवितें, आणि वरून मेंदूहि तें उघडूं वा लावूं शकतो. मेलझॅक यांनींच १९७५ मध्यें रोग्यांच्या तोंडचे ७८ शब्द २० गटांत लावून एक प्रश्नावली तयार केली. ठणका निराळा, कळ निराळी, उसण निराळी, आग निराळी, हें मराठी गृहिणीला कोणी शिकवावें लागत नाहीं. पण रोग्याचा शब्द हा शास्त्राचा पुरावा होऊं शकतो, ही मान्यता वैद्यकानें तेव्हां दिली.

आतां मागच्या लहान सांध्यांकडे वैद्यांचें लक्ष पुन्हां वळलें. ऑस्ट्रेलियांतील स्कायर्म रीस यांनीं १९७१ मध्यें एक आश्चर्यकारक दावा केला. पाठीच्या कातडींतून एक लांब अरुंद सुरी आंत घालून सांध्यांकडे जाणारे बारीक मज्जातंतू आपण कापतों, आणि सुमारें १००० रोग्यांपैकीं जवळजवळ सर्वांना गुण आला, असें त्यांचें म्हणणें होतें. अमेरिकेंत विस्कॉन्सिनमधील नॉर्मन शीली यांनीं ती रीत करून पाहिली. परंतु सुरीनें आंत रक्तस्राव होतो असें पाहून त्यांनीं सुरी टाकली व विजेची सुई घेतली. बोस्टनमधील विल्यम स्वीट प्रभृतींनीं त्यापूर्वींच असा शोध लाविला होता कीं, अतिशीघ्र कंपनांचा विद्युत्प्रवाह सुईंतून सोडल्यास तिच्या टोकाभोंवतालचा थोडासाच भाग तापतो व ती उष्णता मोजून आटोक्यांत ठेवतां येते. हीं कंपनें सेकंदाला सुमारें ५ लक्ष असतात. ज्या मध्यमलहरींवरून आकाशवाणीचे शब्द घरोघरीं येतात त्यांचा पट्टा याच्या लगतच सुरू होतो. शीली यांच्या या पद्धतीचे वृत्तान्त १९७५ पर्यंत प्रसिद्ध झाले, आणि ती झपाट्यानें पसरली.

येथें निकोलाय बॉग्डुक या ऑस्ट्रेलियन शरीररचनाशास्त्रज्ञानें एक साधा प्रश्न विचारला: ज्या तंतूंना कापल्याचें वा जाळल्याचें सांगितलें जातें, ते तंतू खरोखर तेथें आहेत काय? १९७७ पासून १९८० पर्यंत त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं शवविच्छेदन करून जें दाखविलें तें विस्मयजनक होतें. रीस यांच्या रीतीनें घातलेली सुरी त्या मज्जातंतूंपर्यंत पोंचतच नव्हती. आणि शीली यांच्या पद्धतींत सुईचें टोक जेथें ठेवीत तेथेंहि तो तंतु नव्हता. तो तंतु मणक्याच्या बाजूच्या दांड्याच्या मुळाशीं एका खोबणींतून जातो, हें बॉग्डुक व डॉन लाँग यांनीं १९७९–८० मध्यें दाखविलें व सुई तेथें नेण्याची रीति सुधारली. प्रत्येक सांध्याला दोन तंतू पोंचतात, म्हणून दोन्ही जाळले पाहिजेत. आणि सुईची उष्णता टोकापुढें न पसरतां बाजूला पसरते, म्हणून सुई तंतूला काटकोनांत न टेकवितां त्याच्या समांतर ठेविली पाहिजे, हेंहि १९८७ पर्यंत स्पष्ट झालें.

मग न कापलेल्या तंतूंनीं शेंकडों रोगी बरे कसे झाले? ते खोटें बोलत होते असें म्हणणें सोपें आहे, पण तें न्याय्य नाहीं. कंबरदुखी आपोआप वरखालीं होते, आणि मनुष्य उपचाराला येतो तो बहुधा ती शिगेस पोंचली असतां. त्यामुळें पुढचे दिवस थोडेफार बरेच जावयाचे. शिवाय कोणी तरी आपलें ऐकून घेतलें, कांहीं तरी केलें, या आशेनेंहि मेंदूंतील फाटक लागतें. त्यांचा दिलासा खरा होता. त्याचें सांगितलेलें कारण तेवढें खोटें होतें. रोग्याचा शब्द खरा असूनहि तो कशाचा पुरावा आहे हें ठरविण्यास निराळी कसोटी लागते, हा धडा या प्रकरणानें दिला.

ती कसोटी दोन पायऱ्यांची ठरली. पहिली रोग्याची निवड. संशयित सांध्याच्या तंतूपाशीं बधिर करणारें औषध टोंचावयाचें, आणि दुखणें थांबलें तरच पुढें जावयाचें. परंतु १९९४ मध्यें ऑस्ट्रेलियांतच १७६ रोग्यांवर केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, पहिल्या टोंचणीनें दिलासा मिळालेले सुमारें निम्मे होते, तर निराळ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधानें पुन्हां टोंचल्यावरहि तसाच दिलासा मिळालेले केवळ १५ टक्के उरले. म्हणजे कंबरदुखीच्या सर्व रोग्यांत या उपायास पात्र असे थोडेच. दुसरी पायरी तुलनेची. १९९६ मध्यें अपघातानंतर मान दुखणाऱ्या २४ रोग्यांचे दोन गट करण्यांत आले. एका गटांत सुई ८० अंशांपर्यंत तापविली, दुसऱ्यांत ती तशीच आंत ठेवून तापविली नाहीं, आणि कोणाला काय मिळालें हें रोग्यांना कळूं दिलें नाहीं. दुखणें पूर्वीच्या निम्म्यावर परत येण्यास पहिल्या गटांत मध्यमानानें २६३ दिवस लागले, दुसऱ्यांत ८. २००० मध्यें अमेरिकेंत कंबरेच्या १५ निवडक रोग्यांवर हाच उपाय केला तेव्हां वर्षाअखेर ६० टक्के रोग्यांना जवळजवळ पूर्ण आराम होता.

या सुईखालीं जाणाऱ्या रोग्याला काय भोगावें लागतें? तो टेबलावर पालथा निजतो. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत डॉक्टर सुई मणक्याच्या खोबणीपर्यंत नेतात. कातडी बधिर केलेली असते. पण रोगी बहुधा जागाच ठेवितात, कारण त्याचा शब्द येथेंहि लागतो. सुईंतून आधीं क्षीण प्रवाह सोडून त्याला विचारतात: जुनें दुखणें तेथेंच जागें झालें काय? कळ पायांत तर उतरत नाहीं ना? पाय उडाला किंवा कळ खालीं गेली तर सुई मोठ्या मज्जातंतूजवळ आहे असें समजून ती हलवितात. मग औषध टोंचून ८० ते ९० अंश उष्णता मिनिट-दीड मिनिट देतात. रोगी त्याच दिवशीं घरीं जातो. पुढचा आठवडा-पंधरवडा पाठ ठणकते, कांहींना कातडी उन्हानें भाजल्यासारखी हुळहुळी होते. खरा आराम यावयास दोन-तीन आठवडे लागतात. हे दिवस फार कठीण असतात, कारण उपाय फसला असें वाटून रोगी हताश होतो. आधींच बजावून ठेविलेला रोगी हा काळ धीरानें काढतो.

त्यानंतर अनुभव तीन वाटांनीं जातात. कांहींना इतका आराम पडतो कीं, मांडी घालून जेवावयास बसणें, मूल उचलून घेणें, रात्रभर एका कुशीवर झोंप लागणें, या साध्या गोष्टी त्यांना नव्यानें मिळाल्यासारख्या वाटतात. कांहींना अर्धामुर्धा आराम पडतो. औषधाच्या गोळ्या कमी होतात, पण जुनें दुखणें पार जात नाहीं. कांहींना कांहींच होत नाहीं, आणि क्वचित् दुखणें वाढल्याचेंहि ते सांगतात. ज्यांना गुण येतो त्यांच्यापुढेंहि एक सत्य उभें असतें: जाळलेला तंतु पुन्हां वाढतो. तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग कसा झिजतो, हें ऑगस्टस वॉलर यांनीं १८५० मध्येंच दाखविलें होतें. मुळाकडील भाग मात्र हळूहळू नवा अंकुर काढतो. म्हणून सहा महिन्यांनीं, वर्षानें किंवा त्याहून थोड्या अधिक काळानें दुखणें परत येतें, आणि उपाय पुन्हां करावा लागतो. उसन्या घेतलेल्या या मुदतींत ज्यांनीं व्यायाम करून पाठीचे स्नायु बळकट केले, चालणें वाढविलें, कामधंदा पुन्हां सुरू केला, त्यांना तिचा खरा उपयोग झाला. ज्यांनीं ती केवळ वाट पाहण्यांत घालविली ते बहुधा पूर्वस्थितीवर आले.

शास्त्राचा निर्णय अद्यापि एकमुखी नाहीं. नेदरलँड्समध्यें ६८१ रोग्यांवर केलेल्या तीन चाचण्यांचा निष्कर्ष २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला: व्यायामाच्या जोडीला हा उपाय दिल्यानें, नुसत्या व्यायामापेक्षां म्हणण्यासारखा फायदा झाला नाहीं. या चाचण्यांत रोग्यांची निवड एकाच टोंचणीवर केली, सुईहि योग्य रीतीनें ठेविली नाहीं, असा आक्षेप दुसऱ्या पक्षानें घेतला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें २०१६ मध्यें हा उपाय, इतर इलाज थकल्यावर व परीक्षेची टोंचणी यशस्वी झाल्यावर, विचारांत घ्यावा असें सांगितलें; तर २०२५ मध्यें एका आंतरराष्ट्रीय मंडळानें ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून त्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली. त्या मंडळांत दीर्घ पाठदुखी भोगणाऱ्या व्यक्तीहि बसल्या होत्या. वेदनातज्ज्ञांच्या संस्थांनीं त्या शिफारशीस विरोध नोंदविला. एक पक्ष सर्व रोग्यांची सरासरी पाहतो, दुसरा नीट पारखलेल्या थोड्यांचा अनुभव पुढें करतो. सरासरीला खोटें म्हणतां येत नाहीं, आणि ज्याला सात वर्षांनीं प्रथमच रात्रीं झोंप लागली त्यालाहि खोटें म्हणतां येत नाहीं.

देकार्तची दोरी आतां पूर्वीसारखी सरळ राहिलेली नाहीं. ती कापली तरी वाढते, जाळली तरी अंकुरते, आणि कित्येकदां ती नसतांहि घंटा वाजते. तरीहि योग्य माणसाची योग्य दोरी सांपडली तर कांहीं महिन्यांची शांतता देतां येते, एवढें या इतिहासानें मिळविलें. आणि ती दोरी सांपडावयास वैद्याला चित्रापेक्षां रोग्याच्या उत्तरावरच अधिक अवलंबून राहावें लागतें. बोनिका यांच्या पुढाकारानें स्थापन झालेल्या वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२० मध्यें आपली व्याख्या सुधारली, तेव्हां तिच्यासोबत एक टीप जोडली: मनुष्य जें दुखणें सांगतो त्याचा आदर राखला पाहिजे. आगगाडीच्या अपघातानंतर न्यायालयांत उभ्या राहिलेल्या त्या जुन्या प्रवाशांना हें वाक्य ऐकावयास मिळालें नाहीं. आज जो कंबर धरून वैद्याच्या दारीं येतो त्याला सुई मिळो वा न मिळो, निदान तें वाक्य तरी मिळालें पाहिजे.